पेडगावच्या बोअरचा तळ

१

राजेश्रीच्या घरात सकाळी चहाचं भांडं उतरलं की सरक्या सुरू व्हायचा. त्याला आवाज नव्हता, वास नव्हता, आणि खायला विजेशिवाय काही लागत नव्हतं. शेजारच्या चतुराबाई एकदा दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, तुझ्या कॉम्प्युटरवर भूत बसलंय काय गं, हात न लावता पान हलतंय. राजेश्री हसली होती. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मानवतच्या धान्यबाजारामागं, मोंढ्यामागं, त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. नवरा गोपाळ बोअरमध्ये कॅमेरा सोडायचं काम करायचा. कुणाचा बोअर आटला, मोटार अडकली, आत पाईप फुटला, की लोक त्याला फोन करत. मोटारसायकलच्या मागं केबलचं रीळ बांधून तो निघायचा. केबलच्या टोकाला मनगटाएवढा जाड कॅमेरा, भोवती दिव्यांचं कडं, तोंड सरळ खाली. उतरताना तो फोटो काढत जायचा, चढतानाही काढत यायचा. ते फोटो शेतातूनच मोबाईलवरून वेबसाइटवर चढायचे आणि इकडं घरात राजेश्री ते बघून सांगायची, कुठवर मुरूम आहे, कुठं दगडाला चीर आहे, कुठं ओल दिसते. बी.एस्सी. झालेल्या बाईला मानवतमध्ये याहून बरं काम मिळालं असतं की नाही, हा विचार तिनं कधीच सोडून दिला होता. काम तिला आवडायचं.

वेबसाइट मात्र ज्यानं बनवली त्यानं जन्मात बोअर पाहिला नसावा. पानाच्या मधोमध एक लहानशी चौकट, आणि सगळे फोटो त्या चौकटीत एकाखाली एक. पान जागेवर राहायचं, फक्त चौकटीच्या आतलं सरकायचं. माऊस जरा बाहेर गेला की अख्खं पान वर पळायचं आणि चौकट नाहीशी व्हायची. राजेश्रीचं मनगट धरायला लागलं. मग पूर्णेचा सिद्धोधन, तिच्या कॉलेजच्या वर्गातला, रेल्वेवाल्याचा मुलगा, आता पुण्यात प्रोग्राम लिहितो, तो सुटीत घरी आला तेव्हा तिला एक साधन बनवून देऊन गेला. ते स्वतःच ब्राउझर उघडायचं, पानाला हात न लावता नेमकी ती चौकट धरायचं आणि तेवढंच आतून खाली सरकवायचं. एक फोटो साठवला की पुढचा. पडद्यावरच बाजूला उघडलेल्या काळ्या खिडकीत दर वेळी एक ओळ लिहायचं, ‘खाली सरकलं’. आणि सरकवूनही काही हललं नाही, म्हणजे चौकट संपली, की ‘तळ लागला’ असं लिहून थांबायचं. सिद्धोधननं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गोपाळनं त्याचा सरक्या करून टाकला.

प्रत्येक बोअरची सुरुवात गोपाळनं व्हायची आणि शेवटही त्याच्यावरच व्हायचा. कॅमेरा चालतो का हे बघायला तो आधी स्वतःच्या तोंडासमोर धरायचा, तो पहिला फोटो. वर आल्यावर शर्टाच्या टोकानं काच पुसायचा, तो शेवटचा. हे दोन फोटो रिपोर्टात जात नसत, पण राजेश्री शेवटच्याची वाट बघायची. खाली कॅमेरा जातो, नवरा जात नाही, हे तिला कळत होतं. तरी तो काच पुसताना दिसला की तिला बरं वाटायचं. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही, आपलंच हसू होईल म्हणून.

२

पेडगावच्या माणिकरावांचा बोअर चैत्रात आटला. जुना बोअर, आधी भरपूर पाणी दिलेला, आणि एका आठवड्यात कोरडा ठणठणीत. गोपाळ सकाळी रेघांचा शर्ट घालून गेला. दुपारच्या आत फोटो चढले. राजेश्रीनं सरक्या लावला आणि भाकरी टाकायला आत गेली.

भाकरी झाल्या, पिठाचा हात धुतला, बाहेर आली तरी काळ्या खिडकीत ओळी येतच होत्या. खाली सरकलं. खाली सरकलं. तिनं खुर्ची ओढली. काळा दगड जात होता, मग तांबड्या मातीचा एक पट्टा, मग परत दगड, मग गाळ. पाणी कुठंच नव्हतं. गाळानंतर परत दगड सुरू झाला, तो चढतानाचा. एव्हाना गोपाळ काच पुसताना दिसायला हवा होता. दगडच येत राहिला. पेडगावच्या शिवारात बोअर किती खोल असतात हे तिला आता पाठ होतं, आणि हे काही तेवढ्यात बसणारं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली आणि पडदा काळा झाला. एरवी ती वीजवाल्यांच्या नावानं दोन शब्द बोलली असती. आज तिला सुटल्यागत झालं. जेवढं पाहिलं तेवढ्यावर तिनं वहीत टिपलं, बोअर मेला, आत गाळ भरलाय, खर्च करू नये.

ऊन उतरल्यावर गोपाळ आला. मोटारसायकल लावली, पण दार ढकललं नाही. कडी हळूच उचलली, दार हळूच लोटलं आणि चपला हातात घेऊन टाचा उचलून आत आला, घरात कुणीतरी झोपलेलं असावं तसा. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबला. कोपऱ्यात पिठाचे डबे रचलेले होते. त्यांच्याकडं तो बघत राहिला.

काय झालं म्हणून तिनं विचारलं तर दचकला. ऊन लागलंय, म्हणाला. पाणी घ्यायला वळला आणि हात दाराच्या डाव्या अंगाला नेला, जिथं काहीच नव्हतं. माठ खिडकीखाली होता. माठ कायम खिडकीखालीच असायचा. ती माठाजवळ गेली, तांब्या भरून त्याच्या हातात दिला, आणि तो पाणी पिताना तांब्याच्या वरून तिच्याकडं बघत होता.

३

दुसऱ्या दिवशी तिनं सिद्धोधनला फोन लावला. तो म्हणाला, यात नवल काही नाही. काही पानं अशीच असतात, आपण खाली गेलो की ती तळाशी आणखी जोडत जातात, मग तळ येणार कुठून. सरक्याला हद्द घालून दे, एवढ्यावर थांब म्हणून. राजेश्रीला हे ऐकून फार बरं वाटलं. कारण मिळालं की माणसाचा जीव खाली बसतो, कारण खरं असो नाही तर खोटं.

पण फोन ठेवल्यावर तिला सुचलं, जोडतात ते आणतात कुठून? जोडायला फोटो तर पाहिजेत. कॅमेरा कालपासून पिशवीत, पिशवी खुंटीला. तिनं पिशवी काढून बघितली. काचेवर टोपण होतं. तिनं टोपण नीट दाबलं आणि पिशवी परत टांगली.

मग तिनं दुसरं कारण शोधलं. वेबसाइटनं चढतानाचे फोटो दोनदा घातले असतील. किंवा दुसऱ्या कुणाच्या बोअरचे यात मिसळले असतील. हे तपासता येण्यासारखं होतं. चढताना तेच दगड उलट्या क्रमानं यायला हवेत, तांबडा पट्टा परत दिसायला हवा, त्यानंतर बोअरच्या तोंडाशी बसवलेला केसिंगचा पाईप, मग उजेड, मग गोपाळ. तिनं हद्द घातली नाही. गोपाळ कामावर गेल्यावर दार लावून घेतलं आणि सरक्याला पहिल्यापासून सोडलं. मधूनच सुरुवात करायची सोय नव्हती. चौकट उघडली की ती वरून, गोपाळच्या तोंडापासूनच सुरू व्हायची.

गाळ आला. दगड सुरू झाला, काल बघितला होता त्याहूनही लांबत गेला, आणि ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं तेव्हा कुठं तांबडा पट्टा आला. तिनं तो ओळखला, मधली एक पांढरी शीर त्याच जागी होती. पुढं गंजलेला पाईप. पाईपवर उजेड. हुश्श करून ती खुर्चीत मागं टेकली. आता तोंड, आणि आता ‘तळ लागला’.

४

आलं ते आभाळ होतं.

बोअरच्या आतून वर बघितल्यावर दिसेल तसं, पाईपच्या काळ्या कड्यात गोल, पांढरं. राजेश्रीनं सरक्या थांबवला. कॅमेऱ्याचं तोंड खाली असतं. त्याला वर बघताच येत नाही. ती हे स्वतःशी म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, आणि खोलीत स्वतःचा आवाज ऐकून तिला कसंतरी झालं. तिनं परत सुरू केलं.

पुढच्या फोटोत गोलाच्या कडेला डोकं होतं. त्यापुढच्यात ते आणखी आत वाकलेलं. मग तोंड नीट दिसलं. गोपाळ होता. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून तो खाली बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. ते तसं उघडलेलं तोंड तिच्या ओळखीचं होतं. बांधाच्या पल्याड कुणी असलं की तो असाच हाक मारायचा.

सरक्या खाली जात राहिला. गोल पिवळा झाला, तांबूस झाला, काळा झाला. मग परत फटफटीत उजेड आला आणि डोकं तिथंच होतं. कॅमेरा केव्हाच वर आलेला, माणूस केव्हाच घरी आलेला, मग हा तिथं रात्र काढून कुणाला हाका मारत होता? कॉलर दिसत होती, खांदा दिसत होता. अंगात रेघांचा शर्ट होता. राजेश्रीनं दाराच्या फटीतून अंगणात बघितलं. रेघांचा शर्ट तिनं सकाळीच धुतला होता, तो दोरीवर वाळत होता.

तिनं गोपाळला फोन केला. कुठं आहात विचारलं. पाथरीच्या रस्त्याला, का, तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. काही नाही म्हणून तिनं फोन ठेवला. चौकटीत तेच तोंड ओरडत होतं, आणि काळ्या खिडकीत एकेक ओळ वाढत होती.

५

मग तिला त्याची सवय लागली, आणि हे सगळ्यात वाईट. गोपाळ गेला की दार लावायचं, सरक्याला सोडायचं, आणि ऊन उंबऱ्यावर यायची वाट बघत बसायचं. रोज तोच दगड, तोच गाळ, तोच पट्टा, आणि मग तो. बाकीच्या बोअरचे रिपोर्ट उशिरा जाऊ लागले. लोक फोन करून बोलू लागले. ती माफी मागायची.

रोज काहीतरी पुढं गेलेलं असायचं. त्याची दाढी वाढली. आता तो पालथा पडून बघायचा. एकदा त्यानं दोरी सोडली. दर फोटोत तिचं टोक जरा खाली येत होतं, टोकाला गाठ होती, गाठीत त्याची घाम पुसायची दस्ती बांधलेली. राजेश्रीनं पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं आणि टोक तिथवर यायची वाट बघितली. ते आलं नाही. दोरी संपली असावी. नंतर कितीतरी फोटोंत नुसती लोंबत राहिली, आणि मग वर गेली. राजेश्री त्या दिवशी जेवली नाही. पदर तोंडात कोंबून रडली, भिंतीपल्याड चतुराबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि घरात जो होता तो चांगला माणूस होता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. नडगीवर विळ्याचा व्रण होता, मानेवर तीळ होता, हसताना एक डोळा आधी मिटत होता. तिनं सगळं तपासलं, तो झोपलेला असताना वाकून वाकून तपासलं, आणि एकही चूक निघाली नाही. फक्त तो वांग्याची भाजी मागून खायचा, जी गोपाळला चालायची नाही. खाटेवर बसण्याआधी क्षणभर थांबायचा, तिनं बसा म्हणावं तसा. आणि दार रोज हळूच उघडायचा. कधी काही बोलायला तोंड उघडायचा आणि मग केबल गुंडाळत बसायचा.

आपल्याला वेड लागलं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. परभणीला जाऊन डॉक्टरला दाखवायचं. पण डॉक्टर गोळी देईल, आणि गोळी घेतल्यावर चौकटीत तो दिसायचा थांबला तर? तिनं जाणं लांबवलं.

६

दोन वर्षांपूर्वी परभणीच्या एका दवाखान्यात तिला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. ती रडली नाही. नर्स म्हणाली, बघू नका बाई, बघितलं की विसरत नाही. राजेश्रीनं बघितलं नाही. गोपाळनं तिला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि भावाच्या शेताच्या कडेला पुरलं. नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही. पाळण्यासाठी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात आढ्याला कडी आधीच ठोकली होती. ती तशीच राहिली, तिच्याखाली पिठाचे डबे आले. बघितलं नाही तरी ती विसरली नव्हती. नर्सला काय माहीत.

आणि एक दिवस चौकटीत उजेड आला तेव्हा गोपाळची दाढी नव्हती. अंगात नवा शर्ट होता. आणि त्याच्या गालाला गाल लावून एक लहान तोंड बोअरमध्ये डोकावत होतं.

तिला राजेश्रीनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिनं ओळखलं. नाक राजेश्रीचं होतं, कपाळ गोपाळचं. कानात लहानसे डूल. वाकताना पोर आत पडू नये म्हणून मागून कुणीतरी तिचा फ्रॉक मुठीत गच्च धरला होता. बाईची मूठ होती. हिरव्या बांगड्या, आणि अंगठ्याच्या खाली कुकरच्या वाफेनं भाजल्याचा पांढरट डाग. राजेश्रीनं माऊसवरच्या आपल्या हाताकडं बघितलं. डाग तिथंच होता. तिनं हात उचलून मांडीत लपवला.

पुढच्या फोटोत गोपाळ खाली बघत नव्हता. तो पोरीकडं बघत होता आणि हसत होता, एक डोळा आधी मिटून. इतके दिवस त्याच्या हाका बघणं तिनं सोसलं होतं. हे हसणं तिला सोसेना. त्यानं आपल्याला हाक मारणं थांबवलंय, हे तिला कळलं, आणि त्याला दोष देता येत नाही हेही कळलं.

“चिमी,” तिच्या मागून कुणीतरी म्हणालं.

दाराला कडी लावायची आज राहून गेली होती, आणि तो केव्हा आत आला तिला कळलं नव्हतं. तो पडद्याकडं बघत होता. हातातल्या चपला खाली गळून पडल्या.

“डूल कवा घातले तिला,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात घालायचं म्हनलो होतो आपण.”

राजेश्री उठून भिंतीला टेकली. तुम्ही कोण आहात, असं तिनं विचारलं. इतक्या दिवसांचा प्रश्न होता, आणि आवाज मात्र अगदी साधा आला.

“गोपाळच हाय मी,” तो म्हणाला. “पर तुझा न्हाई.”

मग तो खाली फरशीवर बसला आणि सांगू लागला. सांगण्यासारखं फार नव्हतं. त्या दिवशी त्यानं कॅमेरा वर ओढला, काच पुसली, गाडीला किक मारली. सगळा रस्ता बरोबर होता, दार बरोबर होतं. पोर अजून झोपलेली असेल म्हणून तो हळूच आत आला, आणि कोपऱ्यात पाळणा नव्हता. पोरीला पाळण्यासकट शेजारी ठेवलं असेल असं त्याला वाटलं. मग रात्र झाली तरी राजेश्री पोरीचं नावच काढेना.

“मग गप का बसलात?” तिनं विचारलं.

“इचारायची हिंमत झाली न्हाई. इचारलं असतं तर तू म्हनली असतीस, कोन चिमी? आन तू तसं म्हनलीस की ती न्हवतीच असं झालं असतं.”

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, आणि तेही झालं नाही. ती भिंतीला घसरत खाली फरशीवर बसली. वर चौकटीत पोरगी बोअरमध्ये वाकून काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते, एकेका फोटोत वेगळे. कुणीच ऐकू शकत नव्हतं.

७

त्याच बोअरमध्ये कॅमेरा परत सोडून बघू, हे तो म्हणाला की ती, ते नंतर दोघांनाही आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या मागं मोटारसायकलवर बसली.

माणिकरावांनी बोअरवर दगड ठेवला होता. मेलेल्या बोअरचे फोटो कशाला, म्हणून त्यांना नवल वाटलं. एक राहून गेलाय, असं गोपाळनं सांगितलं. घरी पाहुणे आले होते म्हणून माणिकराव चहाचं बघायला परत गेले. शिवारात दुसरं कुणी नव्हतं. दगड बाजूला केला तेव्हा आतून गार वारा आला, कोरडा, मातीच्या वासाचा. राजेश्रीनं वाकून बघितलं. हातभर पाईप दिसला आणि पुढं काळं. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण माणिकरावांचं घर जवळ होतं.

काय होईल, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. त्यानं कॅमेरा तोंडासमोर धरला. मग खाली सोडायच्या आधी थांबला.

“तिकडं गेलो,” तो म्हणाला, “तर तुझ्या माणसाला काय सांगू?”

“घरी या म्हना.”

“पोरीला सोडून?”

राजेश्रीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग त्यानं केबल सोडली. तीही केबलवर हात ठेवून उभी राहिली. माणूस बदललाच तर हाताला कळेल, असं काहीतरी तिच्या मनात होतं. केबल तळहातातून सरकत गेली, सरकत गेली आणि ढिली पडली. गाळ लागला होता. दोघं वाट बघत उभे राहिले. ऊन डोक्यावर तापत होतं. मग त्यानं हळूहळू रीळ फिरवायला सुरुवात केली.

कॅमेरा वर आला. त्यानं शर्टाच्या टोकानं काच पुसली. राजेश्रीनं त्याच्याकडं बघितलं.

“आलात का?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. डोळे भरले होते. खिशातला मोबाईल वाजला, त्यानं बाहीनं डोळे पुसत तो काढला, अंगठा दाबला आणि परत खिशात टाकला. चहा न घेताच ते निघाले.

घरी आल्या आल्या तिनं सरक्या लावला. निदान बघू तरी, दोघांच्या मनात एकच होतं. पहिला त्याचा चेहरा आला, मागं तिच्या पदराचा काठ. मग दगड. तांबडा पट्टा. गाळ. परत दगड, परत पट्टा, पाईप. मग तो, काच पुसताना, ओल्या डोळ्यांनी. आणि काळ्या खिडकीत ओळ आली, ‘तळ लागला’.

तिनं परत लावला. पट्टा, गाळ, पट्टा, पाईप, तो. तळ लागला. सरक्याला त्या ओळीवर यायला भाजी चिरण्याएवढाही वेळ लागत नव्हता.

“शेतात मोबाईल काय म्हनला?” तिनं विचारलं.

त्याला आठवावं लागलं. या बोअरचे फोटो आधीचे आहेत, त्यांच्या जागी नवीन ठेवायचे का, असं काहीतरी होतं. त्यानं हो दाबलं होतं. मोबाईल दिवसातून पन्नास वेळा काहीतरी विचारतो आणि माणूस हो दाबून मोकळा होतो. सांगता सांगताच त्याला कळलं, आणि तो मध्येच थांबला.

राजेश्रीनं सिद्धोधनला फोन केला. जुने परत मिळतील का विचारलं. तो म्हणाला, नाही, बदलले म्हणजे गेले. सरक्याला अजून खाली नेता येईल का, तळाच्याही खाली, असं तिनं विचारलं. तो हसला, मग तिच्या आवाजात काय आहे ते त्याला ऐकू आलं आणि हसायचा थांबला. अगं, चौकटीत असेल तेवढंच ते सरकवतं, तो म्हणाला. नसलेलं कसं सरकवणार. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तो खाली फरशीवर बसला होता, कालच्याच जागी. तिनं सरक्या परत लावला. थांबला. परत लावला. किती वेळ ती हे करत होती तिला कळलं नाही. त्यानंच उठून तिचा हात माऊसवरून बाजूला केला. या घरात आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच तिला आपणहून हात लावला होता. मग तीही त्याच्याजवळ खाली बसली. बाहेर मोंढ्यातून गाड्या रिकाम्या होऊन निघाल्या होत्या, त्यांचा आवाज गल्लीत येत होता.

“ती झोपती कशी?” तिनं विचारलं.

“कानाची पाळी लागती तिला,” तो म्हणाला. “धरून झोपती. माझीच लागती. तुझी दिली तर ढकलून देती.”

राजेश्रीला तिचा गोपाळ आठवला. त्याच्या कानाला नुसतं बोट लागलं तरी तो खांदा वर करून पळायचा, आणि ती मुद्दाम त्रास द्यायची. खाटेभोवती पळापळ व्हायची दोघांची.

“धरू देत आसंल,” ती म्हणाली. “सोसत आसंल.”

त्यानं मान डोलावली. मग त्याचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडं गेला, आणि पाळी चिमटीत धरून तो तसाच बसून राहिला.